गरोदरपणातली साखर आणि मॉरीनचा सोडा ब्रेड

मला गरोदरपणातला मधुमेह झालाय हे कळलं, तेव्हा मी शंकरपाळे तळत होते.

२०२०ची दिवाळी दोन दिवसांवर आली होती. आयर्लंडमध्ये दुसरा लॉकडाऊन चालू, कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. तरी मी हट्टाने सगळा फराळ करायला घेतला होता. आम्ही स्लायगोत राहतो. इथे मराठी घरं चारच, त्यांच्या दारात डबे ठेवून पळून यायचा बेत होता. माझा नवरा निखिल वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. फोन वाजला. हॉस्पिटलमधून नर्स बोलत होती आणि तिचा आवाज इतका मऊ होता की मला वाटलं, सगळं छान आहे.

"मुग्धा, काल तुझी टेस्ट झाली ना, त्यातले दोन आकडे वर आलेत. घाबरू नकोस. पण आजपासून साखर बंद, आणि उद्या साखर मोजायचं मशीन घ्यायला ये."

काल म्हणजे उपाशीपोटी जाऊन ते गुळचट पाणी प्यायचं आणि दोन तास बसून तीनदा रक्त द्यायचं, ती टेस्ट. निखिलला आत येऊ देत नव्हते, म्हणून तो सगळा वेळ कार पार्कमध्ये बसला होता. घरी येताना आम्ही बाळाच्या नावांवरून भांडत आलो होतो. सव्वीस आठवडे झाले होते, मी अगदी हवेत होते.

फोन ठेवला तेव्हा कढईतले शंकरपाळे काळे पडले होते. निखिल वास आला म्हणून खाली आला. मी त्याला सांगितलं. त्याने पहिल्यांदा शेगडी बंद केली, मग परातीतले तळलेले सगळे शंकरपाळे एका डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा प्रेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही आता म्हणतो. मला त्या झाकणाच्या आवाजाचं रडू आलं.

आमच्याकडे कुणालाच नाही

दोन्ही घरी सांगावं लागलं. सासूबाई पुण्याला. व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तर कुणालाच साखर नाही." त्यांच्या मनात काही नसेल. पण त्या एका वाक्याने मी सबंध संध्याकाळ माझ्या माहेरची माणसं एकेक करून तपासत बसले.

माझी आई नागपूरची. ती डिसेंबरात बाळंतपणाला येणार होती, तिचं तिकीट कधीच रद्द झालं होतं. तिचं वेगळंच. मी तिला सांगितलं की जेवल्यावर तासाने साखर सातच्या आत हवी.

"सात?" आई किंचाळलीच. "अगं बाई, सातवर तर माणूस बेशुद्ध पडते. डॉक्टर शुद्धीवर आहे ना तुझा?"

भारतात आणि इथे साखर वेगवेगळ्या मापात मोजतात. इथल्या आकड्याला अठराने गुणलं की आपला आकडा येतो. ही गोष्ट आईला पटवायला आठवडा लागला. तोवर ती रोज विचारायची, "काहून उपाशी राहून राहिली गं? दोन जिवांची आहेस तू."

नऊ पॉइंट चार

दिवसातून चारदा बोट टोचायचं. सकाळी उठल्या उठल्या, आणि तीनही जेवणांनंतर तासाने. टोचण्याचं काही नाही, दोन दिवसांत सवय होते. सवय होत नाही ती मशीनवर आकडा उमटायच्या आधीच्या पाच सेकंदांची.

आहारतज्ज्ञांचा वर्ग ऑनलाइन होता. पडद्यावर आम्ही सहा गरोदर बायका आणि एक तरुण, हसरी मुलगी. तिने जो तक्ता दाखवला त्यात बटाटे, पास्ता, ओट्सचं पॉरिज, ब्राउन ब्रेड असं सगळं होतं. मी हात वर केला आणि विचारलं, "पोह्यांचं काय?"

ती खरं बोलली. "मला पोहे माहीत नाहीत. पाकिटावर काय लिहिलंय ते बघ, आणि खाऊन मोज. तुझं मशीन माझ्यापेक्षा जास्त सांगेल."

दुसऱ्या दिवशी पोहे खाल्ले. नऊ पॉइंट चार. उपमा, तोच प्रकार. मग दुकानातला पांढरा ब्रेड, आठच्या वर. सकाळी शरीर सगळ्यात हट्टी असतं, गरोदरपणातल्या हॉर्मोन्समुळे इन्शुलिनला दाद देत नाही, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त इतकंच कळत होतं की मी नाश्ता करते आणि माझ्या बाळाला त्रास देते. मी नाश्त्याला घाबरायला लागले. अंडं उकडून खायचे आणि अकरा वाजता हात थरथरायचे.

भिंतीवरचा ब्रेड

आमच्या मागच्या अंगणाला लागून मॉरीनचं अंगण. मध्ये कमरेएवढी भिंत. मॉरीन सत्तरीच्या पुढची, शाळेत शिकवायची, आता एकटी राहते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये वयस्कर लोकांना घराबाहेर पडायला मनाई होती, तेव्हा निखिल तिचा किराणा आणायचा. बदल्यात ती भिंतीवर स्वच्छ पंच्यात गुंडाळून सोडा ब्रेड ठेवायची. यीस्ट नाही, फुगवत ठेवणं नाही. पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक, कालवायचं, वर सुरीने मोठी फुली मारायची आणि सरळ भट्टीत. आधी आम्ही तो लोणी आणि जाम लावून हाणायचो.

त्या दिवशी तिने भिंतीवर पंचा ठेवला आणि मी म्हणाले, "मॉरीन, आता मला चालणार नाही." आणि सगळं सांगून टाकलं. थंडीत, नाक पुसत.

तिने ऐकून घेतलं. "हा पांढऱ्या पिठाचा आहे, मनुकाही घातल्यात," ती म्हणाली. "हा तुझ्या नवऱ्याला दे. मी उद्या ब्राउन करते. माझी बहीण डायबेटिक होती, ती तोच खायची."

दुसऱ्या दिवशी जो ब्रेड आला तो विटेसारखा जड होता. मी दोन पातळ काप कापले, लोणी लावलं, बरोबर दोन अंडी. तास मोजला. बोट टोचलं. सहा पॉइंट तीन.

मी पुन्हा टोचलं. माझा विश्वास बसेना. सहा पॉइंट चार. मी चपला न घालता अंगणात पळाले आणि मॉरीनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हात हलवत राहिले. ती दार उघडून बाहेर आली.

"स्कोअर काय?" तिने विचारलं.

"सहा पॉइंट तीन."

"हे चांगलं की वाईट?"

"खूप चांगलं."

"ग्रँड," ती म्हणाली. इथे 'छान'ला ग्रँड म्हणतात. "आता आत जा आणि बूट घाल."

त्या दिवसापासून रोज सकाळी ती भिंतीपलीकडून स्कोअर विचारायची. एखाद्या दिवशी सात पॉइंट दोन आला की म्हणायची, "रेफरीच वाईट होता."

त्यात नक्की काय आहे

मी सॉफ्टवेअरची टेस्टर आहे. एखादी गोष्ट चालली म्हटलं की ती का चालली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं की नाश्त्याला तीस ग्रॅमपर्यंत कार्ब, म्हणजे पिष्ट पदार्थ. दुकानातल्या पावाच्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं. मॉरीनच्या पंच्यावर काय छापलेलं असणार?

"तू किती पीठ घेतेस?" मी तिला विचारलं.

"मूठ," तिने हात दाखवला.

"किती मुठी?"

"पुरेशा."

मग एका शनिवारी, ऊन पडलं होतं म्हणून, आम्ही भिंतीवरच प्रयोग मांडला. मी माझा वजनकाटा भिंतीवर ठेवला, त्यावर तिचं मोठं भांडं. ती तिच्या बाजूला कोट घालून, मी माझ्या बाजूला पोट सांभाळत, दोघी मास्क लावून. ती मूठ टाकायची, मी आकडा वाचायचे, निखिल स्वयंपाकघराच्या दारातून फोनवर टाइप करायचा. तिची एक मूठ दुसरीसारखी नव्हती. एका मुठीत ऐंशी ग्रॅम गव्हाचं जाड, कोंड्यासकट पीठ, पुढच्या मुठीत शंभर.

"इतकी वर्षं करतेय," मॉरीन म्हणाली, "पण कुणी असं उभं राहून बघितलं नव्हतं. मला टीव्हीवर असल्यासारखं वाटतंय."

जाड पीठ तीनशे ग्रॅमच्या आसपास भरलं. साधं पांढरं पीठ शंभर, कारण त्याशिवाय ब्रेड भुगा होतो असं तिचं म्हणणं. ओट्सच्या दोन लहान मुठी. सूर्यफुलाच्या आणि जवसाच्या बिया, त्या मी माझ्या बाजूने दिल्या. ताक चारशे मिली. सोडा एक चमचा. मीठ तिने चमचाभर घेतलं तेव्हा मी तिला थांबवलं. सोड्यातही सोडियम असतं आणि क्लिनिकमध्ये माझ्या ब्लडप्रेशरवर लक्ष होतं. तिने अर्धं मीठ परत डब्यात टाकलं आणि म्हणाली, "मग पुठ्ठ्यासारखा लागला तर मला बोलायचं नाही."

ती भाजायला घेऊन गेली. तासाभराने गरम ब्रेड परत आला. तिने तो उलटा धरून बोटाने ठोकून दाखवला, पोकळ आवाज आला म्हणजे झाला. आम्ही तो तोलला. निखिलने सगळ्या पाकिटांवरचे आकडे जोडले, एकूण वजनाने भागले आणि मोठ्याने वाचलं. एका पातळ कापात, म्हणजे साधारण चाळीस ग्रॅममध्ये, पंधरा-सोळा ग्रॅम कार्ब. दोन ग्रॅमच्या वर फायबर. चारेक ग्रॅम प्रथिनं, कारण ताक आणि बिया. साखर जवळजवळ नाहीच, ताकातली असेल तेवढीच.

मला काय आनंद झाला सांगू. दोन काप म्हणजे बरोबर माझा नाश्ता. उपाशी राहायला नको, हात थरथरायला नको. कोंडा आणि बिया साखर हळू चढू देतात, अंडी आणि लोणी तिला आणखी धरून ठेवतात. जे मी आठवडाभर योगायोग समजत होते त्याला कारण होतं. मी तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला, भिंत दाखवली, वजनकाटा दाखवला, मॉरीनला दाखवलं. आईने पदर नीट करून मॉरीनला नमस्कार केला. मॉरीननेही पिठाच्या हातांनी केला.

मी आईला सांगितलं, "एका कापात पंधरा ग्रॅम कार्ब."

"म्हणजे किती?"

मी जरा विचार केला. "म्हणजे एक छोटा फुलका."

"असं होय," आई म्हणाली. तिचा चेहरा इतक्या दिवसांनी सैलावला. "म्हणजे तू दोन फुलके आन् दोन अंडी खाऊन राहिली. मग असं सांग ना बाप्पा. मी इथे उगाच झुरून राहिली."

फुलके मला चालत होतेच, रात्री तेच खायचे. पण सकाळी मीटिंगच्या आधी कोण लाटणार?

तोलून दिलेला भात

सगळं असं मजेचं नव्हतं. निखिलने तो वजनकाटा फार मनावर घेतला. तो माझं ताट बघायचा. मी बोलता बोलता काही तोंडात टाकलं की त्याचे डोळे तिकडे वळायचे. एकदा मी वरणभातावर आणखी एक डाव भात घेतला आणि त्याने माझ्या ताटाखाली काटा सरकवला.

"मी तुझा प्रोजेक्ट नाहीये," मी म्हणाले आणि ताट तसंच सोडून वर गेले.

बराच वेळ तो आला नाही. मी खाली गेले तर तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता.

"मला कुठेच आत येऊ देत नाहीत," तो म्हणाला. "स्कॅनला नाही, क्लिनिकला नाही. तू आत जातेस आणि मी गाडीच्या काचेतून इमारत बघतो. मला फक्त भात मोजता येतो, म्हणून मी भात मोजतो."

मी त्याच्या शेजारी बसले. नंतर आम्ही ठरवलं, काटा फक्त ब्रेडला. भाताचं मी बघेन. आणि रात्रीचा आकडा त्याने वाचायचा, मी डोळे मिटून बसेन.

पेन

डिसेंबरात सकाळचे उपाशीपोटीचे आकडे चढायला लागले. नाश्ता ठीक, जेवण ठीक, पण रात्रभर काही न खाता साखर वर. क्लिनिकमध्ये सांगितलं, रात्री इन्शुलिन घ्यावं लागेल. नर्सने इन्शुलिनचं पेन कसं टोचायचं ते स्पंजवर दाखवलं आणि मी तिच्यासमोर रडले. इतकं सगळं मोजलं, इतकं सांभाळलं, तरी नापास झाले असंच वाटलं.

ती दोन मीटरवर बसली होती, मास्क, वर प्लास्टिकची ढाल. तिने पेन खाली ठेवलं. "हे तुझं जेवण नाही," ती म्हणाली. "ही वार आहे, प्लासेंटा. बाळाला वाढवण्यासाठी ती जी हॉर्मोन्स सोडते ती तुझ्या इन्शुलिनला काम करू देत नाहीत. तू काहीही खाल्लं नाहीस तरी हे झालं असतं."

हे वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी सासूबाईंवर इतकी रुसले नसते. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

जानेवारीत इथे करोनाची मोठी लाट आली. हॉस्पिटलमध्ये सगळे भराभर आणि खालच्या आवाजात बोलायचे. त्याच महिन्यात वाढीचा स्कॅन होता. आधीच्या स्कॅनमध्ये बाळाचं पोट जरा मोठं दिसलं होतं, आईची साखर वर असली की तसं होतं. मी टेबलावर एकटी झोपले आणि छताकडे बघत राहिले. स्कॅन करणारीने बराच वेळ मोजलं, मग पडदा माझ्याकडे वळवला.

"वाढीच्या रेषेवर आलंय," ती म्हणाली. "अगदी मधोमध."

मी बाहेर येऊन कार पार्कमध्ये निखिलच्या काचेवर स्कॅनचा फोटो उलटा चिकटवला. त्याने तसाच, मान वाकडी करून पाहिला.

विचारणाऱ्यांसाठी

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी माझी पुन्हा टेस्ट झाली. साखर जागेवर आली आहे. आता वर्षातून एकदा तपासायची, कारण पुढे कधीतरी मधुमेह व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. हे लपवून उपयोग नाही. वजन आटोक्यात, चालणं रोज.

आमच्या मराठी ग्रुपवर आता तिघींनी मला विचारलंय की नेमकं काय खाल्लंस. ब्रेडची कृती मी सगळ्यांना देते, पण एक सांगते. माझे दोन काप म्हणजे तुमचे दोन काप नाहीत. एकीला पोहे शेंगदाणे घालून सहज चालले, एकीला ह्याच ब्रेडचा एकच काप चालला. खा, तास थांबा, मोजा, आणि आकडा वर आला तर स्वतःला शिव्या देऊ नका. आहारतज्ज्ञांना आपले पदार्थ माहीत नसतील तर पाकीट दाखवा, घरी केलेलं असेल तर काट्यावर ठेवा. शेजारीण चांगली असेल तर तिलाही उभं करा.

पाच सेकंद

आता बाळंतपणाचं. फेब्रुवारीत, नऊ महिने भरत आले तसं, हॉस्पिटलने कळा सुरू करायला बोलावलं. इन्शुलिनवर असलं की जास्त दिवस थांबत नाहीत. निखिलला कळा वाढल्यावरच आत घेतलं. पुढच्या दिवशी दुपारी मुलगी झाली. काळेभोर केस, रागावलेला चेहरा.

तिला माझ्या अंगावर ठेवलं, तिने दूध ओढलं. आणि मग ती गोष्ट, जिच्याबद्दल मला आधीच सांगून ठेवलं होतं. आईला मधुमेह असला तर बाळाची साखर जन्मानंतर एकदम खाली जाऊ शकते. गेली तर तिला माझ्यापासून उचलून दुसऱ्या विभागात नेणार होते. सुईणीने तिची टाच हातात धरली. इतकी लहान टाच, तिच्यावर टोचायला जागा तरी होती का. मुलगी एकदाच रडली. रक्ताचा थेंब पट्टीवर गेला. निखिल माझा खांदा धरून उभा होता आणि आम्ही दोघं त्या मशीनकडे बघत होतो.

"तीन पॉइंट चार," सुईण म्हणाली. मला तो फार कमी वाटला हे ओळखून तिने समजावलं, "बाळांचा हिशेब वेगळा असतो. हिची साखर ग्रँड आहे. ही तुझ्याजवळच राहणार."

निखिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला वाटलं मला दिसत नाहीये.

नियमाप्रमाणे थोड्या वेळाने त्याला जावं लागलं. मग एक बाई ट्रे घेऊन आली. चहा, आणि पांढऱ्या पावाचे दोन टोस्ट, त्यांवर लोणी पार विरघळलेलं, बाजूला जामची डबी. मी सवयीने टोस्टकडे बघून विचारलं, "यात किती कार्ब आहेत?"

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या कुशीतल्या बाळाकडे बघितलं.

"तो टोस्ट आहे गं," ती म्हणाली. "गरम आहे तोवर खा."

मी जाम लावला. दोन्ही खाल्ले, कडेच्या चुऱ्यासकट. ती ट्रे न्यायला परत आली तेव्हा मी आणखी दोन मागितले.